पुढची चाकं उचलली, म्हणजे चुकलं कुठे?

प्रश्न : माझी चार एकर जमीन आहे. अर्धी सपाट, अर्धी उताराची. वादळात नऊ झाडं पडली. दोन मुळासकट उलथली आहेत, एक शेजारच्या झाडात अडकून तिरकं लटकलं आहे. माझा ट्रॅक्टर ३५ अश्वशक्तीचा, वजन १८०० किलो. पुढे लावायचा लोडरही आहे, पण त्या दिवशी काढून ठेवला होता. सगळ्यांत मोठं खोड, दोन फूट जाड आणि वीस फूट लांब, उताराच्या वरच्या अंगाला ओढायला घेतलं. वरून ओढलं की खोड उचलून येईल असं वाटलं, म्हणून नायलॉनचा दोर टॉप लिंकच्या जागी, म्हणजे सीटमागे अवजाराचा वरचा दांडा जोडतात तिथे बांधला, थोडा ढिला ठेवला आणि झटका दिला. खोड जागचं हललं नाही. पुढची चाकं मात्र फूटभर उचलली. क्लच दाबला म्हणून खाली आली. मेव्हणे मडगार्डवर बसले होते, त्यांनी उडी मारली. आता घरचे म्हणतात मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणा. मेव्हणे म्हणतात पुढे वजनं टाका. तुम्ही काय म्हणता?

उत्तर : तुमच्या पत्रात मी दोन ठिकाणी अडलो. एक, ‘टॉप लिंकच्या जागी’. दुसरं, ‘मेव्हणे मडगार्डवर’. दुसरं चटकन संपतं म्हणून आधी तेच घेतो. ट्रॅक्टरवर एकच सीट असते, आणि ओंडके ओढताना तिच्यावर बसलेला माणूस सोडून दुसरं कुणीही ट्रॅक्टरवर नको. मेव्हण्यांना दुसरं काम आहे, ते पुढे सांगतो.

आता मुख्य मुद्दा. मोठा ट्रॅक्टर नको, आणि नुसती वजनंही नकोत. दोराची गाठ दोन फूट खाली आणा. ताकद कमी पडली म्हणून तुमचा ट्रॅक्टर उचलला नाही. ताकद होती आणि तिला जायला वाट नव्हती, म्हणून उचलला.

जरा डोळ्यांसमोर आणा. इंजिन मागची चाकं फिरवायला बघतं. चाकं फिरली तर ट्रॅक्टर पुढे जातो. जमीन ओली असेल तर चाकं जागच्या जागी घसरतात, चिखल उडतो, आपण चिडतो, पण जिवाला धोका नसतो. तिसरी शक्यता वाईट. टायरला पकड चांगली आहे, मागचा ओंडका मात्र खांबासारखा घट्ट आहे. चाकं फिरू शकत नाहीत, पण इंजिनाचा जोर तर लागलेला आहे. मग चाकं ट्रॅक्टरखाली फिरायच्या ऐवजी ट्रॅक्टरच चाकांभोवती फिरू लागतो. तोंड वर, मागे, आणि ड्रायव्हर खाली.

यात दोर किती उंचीवर बांधला आहे यावर सगळं ठरतं. तुमच्या ट्रॅक्टरचं गणित मांडून बघू. १८०० किलोपैकी पुढच्या चाकांवर साधारण ७२० किलो असतील, म्हणजे चाळीस टक्के. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर १.९ मीटर धरू. मातीत असा ट्रॅक्टर आपल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास ओढ लावू शकतो, म्हणजे ९०० किलो. आता हीच ओढ ड्रॉबारवरून, म्हणजे मागे खाली असलेल्या ओढायच्या पट्टीवरून, जमिनीपासून ४० सेंटिमीटरवरून लावली, तर पुढच्या चाकांवरचा भार साधारण १९० किलोंनी कमी होतो. पाचशेच्या वर शिल्लक राहतो, स्टेअरिंग धरतं, काही बिघडत नाही. तीच ओढ टॉप लिंकच्या जागेवरून, म्हणजे मीटरभर उंचीवरून लावली, की पुढचे ४७५ किलो जातात. उरले अडीचशेच्या आत. तेसुद्धा सपाट जमिनीवर आणि सावकाश ओढलं तर. तुम्ही चढावर होतात, त्यामुळे पुढचं वजन आधीच मागे सरकलेलं. वरून झटका दिलात, आणि झटक्यात दोरावर क्षणभर येणारा ताण या ९०० च्या कितीतरी वर जातो. अडीचशे किलो तिथेच संपले.

ड्रॉबार खाली का असतो, याचं आणखी एक कारण आहे आणि ते मला फार आवडतं. ड्रॉबार ॲक्सलच्या खाली आणि मागे असतो. तोंड उचलू लागलं की ड्रॉबार आपोआप जमिनीकडे झुकतो, ओढीची उंची कमी होते आणि उचलणं बऱ्याचदा तिथेच थांबतं. ट्रॅक्टर स्वतःच स्वतःला आवरतो. वर, ॲक्सलच्या डोक्यावर बांधलेल्या दोराला हे जमत नाही.

क्लच दाबून वाचलात, हे खरं. पण पुढच्या वेळी त्यावर विसंबू नका. चाकं उचलल्यापासून ट्रॅक्टर परत न येण्याच्या टप्प्यावर पोचायला पाऊण सेकंद लागतो, आणि पूर्ण उलटायला दीड. काय होतंय हे कळून पाय क्लचवर जाईपर्यंत तो पाऊण सेकंद संपलेला असतो. म्हणून डोक्यावरचा संरक्षक सांगाडा आणि पट्टा. स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरांना असा सांगाडा सक्तीचा केला. तुमच्या ट्रॅक्टरला सांगाडा असेल तर तो उभा करा, पिन घाला आणि पट्टा बांधा. या दोन गोष्टी जोडीनेच करायच्या. सांगाडा आहे पण पट्टा नाही, तर माणूस बाहेर फेकला जाऊन त्याच सांगाड्याखाली सापडतो. आणि दुमडता सांगाडा खाली पाडलेला असेल तर पट्टा बांधायचा नाही, कारण तेव्हा पट्टा तुम्हाला ट्रॅक्टरखालीच धरून ठेवतो. सांगाडाच नसेल, तर हे काम त्या ट्रॅक्टरने करू नका. नांगरट वेगळी, लाकूड ओढणं वेगळं.

मग मेव्हण्यांच्या वजनांचं काय? टाका, उपयोग आहे. पण गाठ वरच ठेवून वजनं वाढवलीत तर एवढंच होईल, की चाकं उचलायला अजून जोर लागेल आणि उचलतील तेव्हा तोच जोर त्या उचलण्यात असेल. आधी गाठ खाली, मग वजनं.

आता खोड. ते हललं का नाही, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण खरा प्रश्न तोच आहे. ओलं लाकूड पाण्याइतकं जड धरून चाला, म्हणजे घनमीटरला एक टन. काही जातींचं हलकं निघेल, पण चूक सुरक्षित बाजूला होईल. दोन फूट म्हणजे ६० सेंटिमीटर, वीस फूट म्हणजे ६ मीटर. जाडीचा वर्ग करा, लांबीने गुणा, ०.७८५ ने गुणा. उत्तर १.७ टन. जमिनीवरून घासत न्यायला वजनाच्या निम्म्याहून थोडी जास्त ओढ लागते, म्हणजे एक टनाच्या आसपास. तुमचा ट्रॅक्टर देतो ९००. शिवाय खालच्या अंगाला फांद्यांचे खुंट मातीत रुतलेले असणार, त्यांनी नांगरासारखी पकड घेतलेली. ते खोड हलणारच नव्हतं.

तेच खोड मधोमध कापा. ८५० किलोचे दोन तुकडे, प्रत्येकाला ५०० च्या आसपास ओढ. झालं, मोठा ट्रॅक्टर आला घरात, भाड्याशिवाय. लांबी अर्धी केली की वजन अर्धं होतं, जाडी अर्धी असेल तर चौथाई. म्हणून जाड बुंध्याचे तुकडे आखूड ठेवा, शेंड्याकडचे लांब चालतील. त्या लाकडाच्या फळ्या पाडून घ्यायच्या असतील तर मात्र कापण्याआधी फळी किती लांबीची हवी ते ठरवा आणि प्रत्येक तुकड्यात वीतभर जास्त सोडा, टोकं चिरतात म्हणून.

मला विचाराल तर या कामाचा दोनतृतीयांश भाग ट्रॅक्टर आणण्याआधीचा आहे. चेन सॉ, पहार, पाचरा, कुऱ्हाड. फांद्या आधी साफ करायच्या, खुंट खोडाला घासून सपाट कापायचे, बोटभरही ठेवायचा नाही. फांद्यांचा ढीग एका बाजूला. ओढायच्या वाटेवरचे दगड आणि बुडखे बघून ठेवायचे. मग ट्रॅक्टर. बहुतेक लोक उलटं करतात, कारण चावी फिरवणं सोपं असतं. मीही केलंय. फांद्यांच्या पसाऱ्यावरून ट्रॅक्टर नेला, अंगठ्याएवढी एक काटकी चाकाखाली दबून दुसऱ्या टोकाने उभी राहिली आणि तिने डिझेल फिल्टरची काचेची वाटी फोडली. सबंध संध्याकाळ डिझेलच्या वासात गेली. तेव्हापासून ट्रॅक्टरच्या पोटाखाली काय काय लोंबतं हे मी आधी वाकून बघतो : हायड्रॉलिकचे पाइप, वायरी, टायरचे व्हॉल्व्ह. खुंट टायरच्या बाजूच्या भिंतीत घुसला तर टायरच गेला समजा.

कापताना एक गोष्ट शिकून घ्या. पडलेलं खोड निवांत पडलेलं दिसतं, पण ते ताणलेलं असतं. एका टोकाला टेकलेलं आणि दुसरं टोक हवेत असेल, तर वरच्या अंगाला ताण आणि खालच्या अंगाला दाब. दोन्ही टोकं टेकलेली आणि मध्ये पोकळी असेल, तर उलट : वर दाब, खाली ताण. आधी दाबाच्या बाजूने जाडीच्या एकतृतीयांश कापायचं, मग ताणाच्या बाजूने सावकाश येऊन गाठायचं. उलट केलंत तर एक तर करवतीची पट्टी चिमट्यात अडकते, नाहीतर खोड फाटून उसळतं. उभे राहाल ते बाजूला, आणि उतारावर असाल तर नेहमी वरच्या अंगाला, कारण तुकडा मोकळा झाला की तो गडगडत खालीच जाणार. मोठ्या खोडाखाली वाकून दबलेलं बारकं रोपटं दिसलं तर त्याच्यावर एका घावात कुऱ्हाड टाकू नका. ते धनुष्य आहे. चेन सॉच्या पट्टीच्या टोकाचा वरचा अर्धा भाग कुठेही टेकू देऊ नका, करवत तिथूनच तोंडाकडे उसळते. हेल्मेट, चेहऱ्यावरची जाळी, कानांवर आवाज अडवणारी झाकणं आणि पायाला करवतीपासून वाचवणारी जाड पँट, यांशिवाय करवत सुरू करू नका. आणि एखादं झाड विजेच्या तारेवर असेल किंवा तारेला लागून असेल, तर तिथे जाऊच नका, वीज पुरवठा करणाऱ्यांना बोलवा.

आता दोर. नायलॉनचा दोर घडी करून घरात ठेवा. नायलॉन ताणतो, आणि ताणतो म्हणजे रबरासारखी ताकद साठवतो. तुटला किंवा हूक सुटला की ती सगळी ताकद एका क्षणात दोराच्या टोकाला जाते, आणि टोकाला लोखंडी हूक असेल तर तो गोळीसारखा जातो. कुठे? ओढीच्या रेषेत, म्हणजे ट्रॅक्टरवरच्या माणसाच्या पाठीत.

साखळी घ्या. साखळी फारशी ताणत नाही, म्हणून तुटली तरी नायलॉनपेक्षा कमी उसळते. पण दारं बांधायची साखळी नव्हे. कड्यांवर ग्रेडचा आकडा कोरलेला असतो, तो बघा. ८० ग्रेडच्या ८ मिलिमीटर साखळीवर २ टन, १० मिलिमीटरवर ३.१५ टन इतकं काम करता येतं. खोडाला फास घातला की त्यातलं वीसेक टक्के वजा करा. ज्या साखळीवर आकडाच नाही, तिच्यावर जीव टांगू नका.

फास कसा घालायचा ते नीट सांगतो, कारण इथेच वेळ जातो आणि इथेच तो वाचतोही. खोडाच्या जाड टोकाकडून ओढायचं, बुंध्याकडून. टोकापासून हातभर आत, पहारीने खोडाखाली माती उकरून साखळी आरपार जाईल एवढं बीळ करा. बोटं आत घालू नका, तार वाकवून तिने साखळी ओढून घ्या. साखळीचं टोक हुकातून घालून फास तयार करा, तो ओढला की आवळला पाहिजे. आता एक क्लृप्ती. साखळी खोडाला अशी गुंडाळा की ओढ लागताच खोड आधी जागेवर अर्धा वळसा फिरेल. रुतलेलं खोड सरळ ओढून निघत नाही, पण फिरवलं की माती सोडतं. आणि ओढायच्या टोकाची खालची कड करवतीने तिरकी तासा, होडीच्या नाकासारखी. नाहीतर ती चौकोनी कड मातीत फाळासारखी घुसत जाते आणि मागे चर पडतो.

साखळीचं दुसरं टोक ड्रॉबारला. ती आखूड ठेवा, बुंधा चाकांना लागणार नाही एवढंच अंतर. सगळ्यांत लहान गिअर, इंजिन मंद. क्लच इतका हळू सोडा, की साखळीच्या कड्या एकेक करून उभ्या राहताना दिसल्या पाहिजेत. पूर्ण ताणली की थांबा, मागे वळून बघा, मग ओढा. खोड आलं नाही तर जोर वाढवू नका. उतरा, काय अडतंय ते बघा. तुकडा अजून आखूड करा किंवा फिरवा.

तुम्हाला वाटलेलं, ‘वरून ओढलं की खोड उचलून येईल’, हे अगदीच चुकीचं नव्हतं. टोक उचललं तर घर्षण खरंच कमी होतं. पण उचलणं वेगळं आणि ओढणं वेगळं. लिफ्टच्या, म्हणजे मागे अवजार उचलणाऱ्या यंत्रणेच्या, खालच्या दोन हातांना जाड आडवी पट्टी (क्रॉसबार) लावा, साखळी त्याला आखूड बांधा, आणि लिफ्टने बुंधा जमिनीपासून वीतभर उचला. वीतभरच, आणि साखळी जोडलेली जागा मागच्या ॲक्सलच्या उंचीच्या वर कधीच जाता कामा नये. ८५० किलोच्या तुकड्याचं निम्मं वजन आता ॲक्सलच्या मागे लोंबकळतं आहे, म्हणजे पुढची चाकं त्यानेही हलकी होतात. इथे मेव्हण्यांची वजनं लावा, ती आता कामाला येतात. वाटेत अडथळा लागला तर लगेच क्लच दाबायचा आणि लिफ्ट खाली टाकायची. ही सवय हाताला लागेपर्यंत रिकाम्या जागेत एखाद्या हलक्या ओंडक्यावर सराव करा.

लोडरने उचलायचं असेल तर छोटे तुकडेच, आणि नुसत्या बकेटमध्ये आडवे ठेवून नाही. हात वर केले की गोल ओंडका बकेटमधून गडगडत थेट सीटकडे येतो. पंजा किंवा फॉर्क्स असतील तर ठीक. ओझं गुडघ्याएवढ्या उंचीवर ठेवून चालवा आणि मागे काहीतरी जड जोडलेलं असू द्या. टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. पुढे ओझं उचललं की मागची चाकं हलकी होतात, आणि उतारावर ब्रेक दाबूनही ट्रॅक्टर थांबत नाही.

उताराबद्दल थोडं. उताराला आडवं जाऊ नका. सरळ वर किंवा सरळ खाली. खाली येताना ओंडका मागून धक्का देत अंगावर येतो, म्हणून बुंधा खाली टेकवून घासत आणा, तोच ब्रेक होतो. गिअर लहान, आणि न्यूट्रल चुकूनही नाही. जमीन ओली असेल तर थांबा. ओल्या जमिनीवर चाकांच्या वजनाने माती इतकी दाबली जाते की ती पुढचे कित्येक हंगाम मोकळी होत नाही. शक्यतो प्रत्येक खेपेला एकच वाट वापरा, एक वाट बिघडली तरी बाकीची जमीन वाचते.

तरीही भाड्याने काही आणायचंच असेल, तर मोठ्या ट्रॅक्टरऐवजी पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्यावर, चालणारी लाकूड ओढायची विंच आणा. तिचं लोखंडी पातं जमिनीत रोवून ट्रॅक्टर चांगल्या सपाट जागेवर उभा राहतो आणि तारदोराने ओंडका स्वतःकडे ओढून घेतो. तुमच्या उताराच्या दोन एकरांवर तिच्यासारखं दुसरं काही नाही. ट्रॅक्टर उतारावर न्यायचाच नाही, हा केवढा फायदा. तारदोर ओढत असताना मध्ये जाडसर पोतं टाकून ठेवा, तुटला तर उसळी कमी होते. पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. सैल बाही त्यात अडकली तर सोडवायला वेळ मिळत नाही. दांड्यावरचं प्लास्टिकचं कव्हर फुटलं असेल तर विंच परत पाठवा.

मुळासकट उलथलेली दोन झाडं मी मुद्दाम शेवटी ठेवलीत, कारण ती सगळ्यांत फसवी. मुळांची ती उभी भिंत मातीसकट टनांमध्ये वजनाची असते आणि खोडाच्या भाराने ती उभी धरून ठेवलेली असते. खोड कापलं की भार गेला, आणि भिंत पुन्हा खड्ड्यात धप्पकन बसते. कधीकधी खोडाचा उरलेला खुंट हवेत उभा राहतो, जणू झाड उठलंच. त्या खड्ड्यात कुणी उभं असलं तर संपलं. मुलांना सावली आणि गंमत म्हणून तिथेच खेळायचं असतं, तेव्हा आधी त्यांना घरात पाठवा. कापताना मुळांपासून माणसाच्या उंचीएवढा खुंट ठेवूनच कापा आणि भिंतीला मागून साखळीने किंवा विंचने धरून ठेवा. पुढे कलंडली तर तुमच्यावर येईल, मागे गेली तर खड्ड्यात, दोन्ही गृहीत धरा. बुडखे उपटायला ट्रॅक्टर लावू नका. जमिनीत मुळं असलेला बुडखा म्हणजे तोच न हलणारा खांब, आणि ट्रॅक्टर मागे उलटायचं हे ठरलेलं निमित्त. भोवती खणा, मुळं तोडा, नाहीतर कुजू द्या.

अडकून लटकलेलं झाड तुम्ही काढू नका. त्याच्यावर चढू नका, ज्या झाडात ते अडकलंय ते कापू नका, खाली उभं राहून एकेक तुकडा कापत जाऊ नका. हे काम शिकलेल्या माणसाचं आहे. तो लांब तारदोराने बुंधा मागे ओढून ते खाली आणेल. तोपर्यंत त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतराच्या आत कुणी जाणार नाही अशी दोरी बांधून ठेवा.

राहिले मेव्हणे. त्यांना ओढीच्या रेषेपासून बाजूला, साखळीच्या लांबीच्या दीडपट दूर उभं करा, तुम्हाला ते दिसतील आणि त्यांना बुंधा दिसेल अशा जागी. हात वर म्हणजे थांबा, आणि त्यांचा हात दिसेनासा झाला तरी थांबा. ओरडून काही कळत नाही, इंजिनाच्या आवाजात ‘हो’ आणि ‘नको’ सारखंच ऐकू येतं.

उताराच्या तळाशी, पावसाचं पाणी जिथून वाहतं तिथे एखादं खोड पडलं असेल, तर ते ओढून आणायचा हट्ट करू नका. उताराला आडवं फिरवून घ्या, दोन मेखा ठोका आणि तिथेच सोडा. दोन पावसाळ्यांत त्याच्या वरच्या अंगाला माती साठलेली दिसेल, आणि नऊपैकी तुमचं एक झाड कमी झालेलं असेल.